लढ्यात नव्हते म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर नेहमीचा वाद. मित्र म्हणतो, आपले चार हुतात्मे फासावर गेले तेव्हा बाबासाहेब लंडनला इंग्रजांशी चर्चा करत होते, म्हणजे दलित समाज स्वातंत्र्यलढ्यात नव्हताच. राग येतो पण उत्तर सुचत नाही. काय सांगू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तारखा बरोबरच आहेत की मित्राच्या. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना येरवड्यात फाशी झाली 12 जानेवारी 1931 ला आणि तेव्हा पहिली गोलमेज परिषद, म्हणजे लंडनची ती चर्चा, चालूच होती. पण तिथं बाबासाहेब काय बोलले ते मित्रानं वाचलंय का? नोव्हेंबर 1930 मधे इंग्रजांच्या तोंडावर विचारलं त्यांनी, की तुम्ही यायच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळात जाता येत नव्हतं, आता तरी येतंय का, मग तुमचं राज्य आमच्या काय कामाचं, आम्हाला लोकांचं सरकार पाहिजे. ही काय इंग्रजांची वकिली झाली?

आणि त्याच वर्षी 2 मार्चला नाशिकला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दांडीयात्रा निघाली 12 मार्चला. दहा दिवसांचा फरक, पण शाळेत आपण एकच पाठ करतो.

हां, 1942 ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बघत होते, हे पण खरंय, लपवायचं कशाला. त्यांची धास्ती साधी होती, इंग्रज गेल्यावर सत्ता कुणाच्या हातात जाणार? 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ (जिथं फक्त दलितच आपला प्रतिनिधी निवडणार होते) सोडावे लागले, बदल्यात प्रांतांच्या कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या, त्यामुळं ही धास्ती उगाच नव्हती.

बरं, लांब कशाला जायचं, आपल्या सोलापुरातलं सेटलमेंट घ्या. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांचाच ना, जन्मानंच गुन्हेगार ठरवून कैकाडी, पारधी अशा लोकांना तारेच्या कुंपणात कोंडलं, हजेरी लावली. मग हे इंग्रजांचे लाडके कसे वो? आणि 15 ऑगस्ट 1947 ला झेंडा फडकला तरी तो कायदा जिवंतच होता, देशभरातून गेला 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं उशिरा! भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात, मित्राला विचारा त्याला माहीत आहे का.

गोलमेजचं ते भाषण महाराष्ट्र सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडांत आहे, फार मोठं नाही, पुढच्या वादाआधी कट्ट्यावर मोठ्यानं वाचा.