थंड पास्ता सॅलड कोरडं का पडतं?

प्रश्न : उन्हाळ्यात घरी २० जण जमणारेत, थंड पास्ता सॅलड आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल का? मागे केलं तेव्हा सकाळी पार कोरडं आणि कडक झालं होतं.

उत्तर : चालेल की, उलट मुरलं की जास्त छान लागतं. कडक होतं कारण गार झाल्यावर पास्त्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्तच शिजवा, पाण्यात मीठ नीट घाला (लिटरला साधारण १० ग्रॅम) आणि मग गार पाण्याखाली धुवून पूर्ण निथळू द्या, एरवी पास्ता धुवू नये म्हणतात पण सॅलडला धुतलेलाच बरा, चिकटत नाही. फुसिली (पिळाच्या आकाराचा पास्ता) घ्या, पिळांमध्ये ड्रेसिंग अडकतं; स्पॅगेटीच्या वाटेला जाऊच नका, वाढताना नुसता गुंता. ऑलिव्ह ऑइल, लिंबू, मिरपूड असं साधं ड्रेसिंग पुरतं, पण अर्धंच रात्री घाला, पास्ता ते पिऊन टाकतो, उरलेलं वाढायच्या आधी. काकडी-टोमॅटोही तेव्हाच, नाहीतर पाणी सुटतं. गार पदार्थाला मीठ-आंबट थोडं चढंच लागतं, तेव्हा शेवटी चव बघा. आणि हो, फ्रिजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर १ तासच.