उत्तर: फ्रीजरमधून काढलेल्या आंब्याच्या मूस केकला पाणी सुटतं

ताई, फेटलेलं क्रीम घालून केलेला तुमचा मूस केक रात्रभर फ्रीजरमध्ये टणक झाला, मिरर ग्लेझही (वर ओततात ते आरशासारखं चकचकीत आवरण) छान बसलं, आणि बाहेर काढल्यावर काही तासांत ताटात पाणी साचून ग्लेझ कडेनं घसरलं, असं तुम्ही लिहिलंय. खाली प्रतिक्रियांत सगळे क्रीमला दोष देताहेत. माझ्या मते क्रीमचा काही संबंध नाही. ते कमी फेटलं गेलं असतं तर केक ढिला पडून बसला असता, असं निथळ पाणी सुटलं नसतं. शेवटच्या ओळीत तुम्ही ओझरतं म्हटलंय की 'व्हेज जिलेटिन' वापरलं. गोम तिथे आहे.

जिलेटिन हाडं-कातड्यापासूनच होतं, व्हेज नसतंच. त्या नावानं विकतात ते बहुधा अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, नाहीतर कॅराजीनन (तेही शेवाळापासूनच होतं), किंवा दोन्हीचं मिश्रण. अगर गोठवून पुन्हा वितळू दिलं की त्याच्या जाळ्यातलं पाणी बाहेर पडतं. समुद्री शेवाळापासून अगर तयार करताना पाणी वेगळं काढायला हाच गुण वापरतात! आणि मिरर ग्लेझला केक आतपर्यंत गोठलेलाच लागतो. म्हणजे तुमच्या केकचं भवितव्य तो फ्रीजरमध्ये गेला तेव्हाच ठरलं होतं.

मला हे एका दुकानानं शिकवलं. नाव घेत नाही, बेकिंगचं सामान घेणाऱ्यांना असं एखादं दुकान माहीत असतंच. शाकाहारी घरातल्या साखरपुड्याची दोन किलोची ऑर्डर होती, म्हणून मुद्दाम विचारून घेतलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "जिलेटिनच आहे मॅडम, फक्त व्हेज. माप तेच." पारदर्शक पिशवीत सुटी पावडर, वर नुसता किंमतीचा स्टिकर. केक हॉलवर पोचला आणि तुमच्यासारखंच झालं. पैसे परत केलेच, पण त्या घरातून पुन्हा फोन आला नाही. दुकानात गेले तर म्हणे, "बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचंच काहीतरी चुकलं असेल." मूळ पोत्यावरचं लेबल दाखवा म्हटलं, तर मालक बाहेरगावी. पुढच्या वेळीही मालक बाहेरगावीच. मला नुकसानापेक्षा याची जास्त चीड आली की आत नक्की काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. उलट, खरं जिलेटिनही ते 'व्हेज' म्हणून विकू शकले असते, आणि मग त्या साखरपुड्यात काय झालं असतं याचा विचारही नको.

म्हणून सुटी पावडर घेऊच नका. पाकिटावर हिरवी खूण असेल तर ते जिलेटिन नाही, मग घटकांची यादी वाचा: ४०६ म्हणजे अगर, ४०७ कॅराजीनन, ४४० पेक्टिन, म्हणजे फळांपासूनचा घट्ट करणारा पदार्थ. चौदा आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) परवाना क्रमांक नसेल तर पाकीट तिथेच ठेवून या.

गिऱ्हाइकाला चालत असेल तर खरं जिलेटिन वापरा. ६०० ग्रॅम मूसला ८-९ ग्रॅम, पाचपट थंड पाण्यात भिजवून. विरघळवायचं, उकळायचं नाही. ताकद ब्रँडप्रमाणे बदलते, तेव्हा आधी एका वाटीत लावून बघा.

शाकाहारीच हवा असेल तर माझं मत ठाम आहे, मिरर ग्लेझचा नाद सोडा. तेवढ्याच मूसला साधारण ३ ग्रॅम अगर पावडर थोड्या पाण्यात दोन मिनिटं नीट उकळा. आमरस कोमट करून घ्या. गार रसात ओतलंत तर शेवयांसारखे धागे होतात, ते गाळूनही जात नाहीत. अगर ४० अंशांच्या आसपासच धरायला लागतं, त्यामुळे मिश्रण कोमट असतानाच अर्धवट फेटलेलं क्रीम मिसळा. आधी थोडं भरभर, उरलेलं हलक्या हातानं. मधे फोन घेऊ नका. थोडं पांढरं चॉकलेट घातलं तर कोको बटरमुळे जास्त आधार मिळतो, पण 'कंपाउंड' नावाचं स्वस्त चॉकलेट नको, त्यात कोको बटर नसतं. मग केक फक्त फ्रिजमध्ये सेट करायचा. वर आंब्याच्या रसाचा पातळ जेलीचा थर द्या, तो जवळजवळ ग्लेझइतकाच चकचकीत दिसतो. डब्यातला गोड रस असेल तर साखर कमी करा.

सजावटीच्या फोडी अगदी शेवटी ठेवा. ताजं अननस, किवी किंवा पपई जिलेटिनवर ठेवू नका, त्यांतली एन्झाइम्स जिलेटिन विरघळवतात. शिजवलेलं किंवा डब्यातलं अननस चालतं. फुलवाल्याकडचे गुलाब केकवर लावणाऱ्यांना मी हात जोडते, त्यांवर काय फवारलंय कोण जाणे.

हे सगळं मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यातल्या दमट हवेचं सांगतेय, नाशिक-पुण्याकडे थोडं वेगळं पडेल. तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, मग माप नक्की सांगते.