वाचक विचारतात : इलोइलोचा मित्र आणि मनिलातला आनंद

प्रश्न : मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. वय 53. अबू धाबीमध्ये 19 वर्षे एसी दुरुस्तीचे काम करून गेल्या दिवाळीत कायमचा घरी परतलो. तेथे माझ्या खोलीत फिलिपिन्समधील इलोइलो शहराचा एक सहकारी होता आणि त्याला बुद्धिबळाचे वेड होते. सुटीच्या दिवशी कॉम्प्रेसरचे रिकामे खोके उलटे टाकून त्यावर आम्ही पट मांडत असू. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता, त्यामुळे त्या कडेचा हत्ती सारखा घसरायचा आणि डाव रंगात आला की कोणीतरी तो बोटाने धरून बसायचे. मी आजोबांकडून देशी पद्धतीचा खेळ शिकलेलो. पहिल्याच दिवशी शह चुकवण्यासाठी मी राजाला घोड्यासारखी उडी मारायला लावली, तेव्हा तो एवढा हसला की शेजारच्या खोलीतली माणसे बघायला आली. पुढे त्यानेच मला आंतरराष्ट्रीय नियम शिकवले. माझ्या दोन महिने आधी तोही मायदेशी गेला. आता तो रोज संध्याकाळी तेथील न्हाव्याच्या दुकानाबाहेर खेळतो आणि पटाचे फोटो मला पाठवतो. मला मात्र इथे जोडीदार मिळत नाही. शहरातील एका बुद्धिबळ वर्गात चौकशीसाठी गेलो, तर ‘मुलाला सोडायला आलात का?’ असे विचारले गेले. माझे तीन प्रश्न आहेत. आशियाचा पहिला ग्रँडमास्टर आमच्या गावचा, असे मित्र नेहमी सांगायचा. पुतण्या म्हणतो की तो मान विश्वनाथन आनंदचा. खरे कोणाचे? या वयात मला स्पर्धेत उतरता येईल का? आणि मित्राबरोबरचा खेळ चालू ठेवण्याचा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि पुतण्याने थोडे नमते घ्यावे हे उत्तम. आशियातील पहिला ग्रँडमास्टर म्हणजे युजेनियो तोरे. त्यांचा जन्म 1951 मध्ये इलोइलो शहरातच झाला आणि 1974 मध्ये फ्रान्समधील नीस येथे भरलेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी बुद्धिबळातला हा सर्वोच्च किताब मिळवला. त्या वेळी भारताकडे मॅन्युएल आरन हे 1961 पासूनचे इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) होते, पण ग्रँडमास्टर एकही नव्हता; आनंद 1988 मध्ये ग्रँडमास्टर झाला, म्हणजे तोरे यांच्यानंतर तब्बल 14 वर्षांनी. आनंद भारताचा पहिला, तोरे आशियाचे पहिले, असा हा हिशेब आहे. एक गंमत आपल्या लक्षात आली असेलच, नसेल तर सांगतो : फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते, त्यामुळे तिकडे बुद्धिबळाला ‘आहेद्रेस’ म्हणतात आणि सोंगट्यांची नावेही स्पॅनिश वळणाची आहेत. आपला घोडा तिकडे ‘काबायो’ होतो, आपला उंट ‘ओबिस्पो’, म्हणजे चक्क धर्मगुरू होतो, आणि हत्तीला ते ‘तोरे’ म्हणतात. आशियाच्या पहिल्या ग्रँडमास्टरचे आडनावच हत्ती आहे. आपण खोक्यावर बोटाने धरून बसत होता तोच.

मात्र पुतण्याला हिरमुसला होऊ देऊ नका. आनंदच्या गोष्टीतही फिलिपिन्स आहेच, आणि ती गोष्ट आपल्या पत्राला इतकी लागू पडते की ती थोडी विस्ताराने सांगतो. आनंदचे वडील रेल्वेत अधिकारी होते आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस कामानिमित्त त्यांची नेमणूक मनिला येथे झाली. मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता आणि आई सुशीला यांच्याकडून वयाच्या सहाव्या वर्षी खेळ शिकला होता. मनिलाच्या दूरचित्रवाणीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागत असे आणि त्यात प्रेक्षकांना सोडवण्यासाठी एक कोडे दिले जाई. त्या वेळी मुलगा शाळेत असायचा, म्हणून आई ते कोडे आणि दाखवलेले डाव कागदावर उतरवून ठेवायची, आणि संध्याकाळी मायलेक मिळून उत्तर काढून पाठवायचे. बक्षीस पुस्तकाचे असे. या मुलाने इतकी बक्षिसे मिळवली की अखेर त्याला कार्यक्रमाच्या ग्रंथालयात नेऊन ‘हवी तेवढी पुस्तके घे, पण आता उत्तरे पाठवू नकोस’ असे सांगण्यात आले. हा किस्सा आनंदने स्वतः अनेकदा सांगितलेला आहे. एखाद्या देशात दुपारच्या वेळी दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाची कोडी लागतात, याचा अर्थ त्या देशात ती सोडवणारी माणसे घरोघरी आहेत. भारतात तेव्हा असे काही नव्हते. वडिलांची परदेशातील नेमणूक संपल्यावर मद्रासला परतलेला मुलगा त्या वातावरणाची शिदोरी घेऊन आला होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. तेव्हा पुतण्याला सांगा की आनंददेखील ‘तिकडून’ परत आलेलाच आहे.

फिलिपिन्सला त्या काळी एवढी आघाडी का मिळाली, हे आपण विचारलेले नाही, तरी ओघाने आले म्हणून सांगतो. एक कारण म्हणजे फ्लोरेन्सियो काम्पोमानेस हा खटपट्या गृहस्थ. 1978 मध्ये कार्पोव आणि कोर्चनॉय यांची जगज्जेतेपदाची लढत फिलिपिन्समधील बागियो येथे झाली, पुढे 1982 मध्ये काम्पोमानेस जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष झाले आणि 1992 चे ऑलिंपियाड मनिलात भरले. त्यांच्या कारभारावर टीकाही पुष्कळ झाली, ती अनाठायी नव्हती. पण नामांकित खेळाडू घरच्या अंगणात आले की स्थानिकांना त्यांच्याशी दोन हात करायला मिळतात, हा फायदा कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. खासबागेत बाहेरचे मल्ल उतरले नसते तर इथल्या तालमींतील पोरांना आपले पाणी कसे कळले असते? दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते आपल्या मित्राने पाठवलेल्या फोटोंतच आहे. तिकडे हा खेळ न्हाव्याच्या दुकानाबाहेर, तीनचाकी सायकल-रिक्षांच्या थांब्यावर, मनिलाच्या रिझाल उद्यानात खेळला जातो. गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला पट मांडतो, दोघे खेळतात आणि सहा जण उभ्याने सल्ले देतात. आपल्याकडे बुद्धिबळ घरात आणि आता वर्गात शिरले. ते रस्त्यावर फारसे कधी आलेच नाही. त्यामुळे आपल्या मित्राला घरी परतल्यावर जोडीदार शोधावा लागला नाही आणि आपल्याला शोधावा लागतो आहे.

अर्थात तिकडे सारे आलबेल आहे असेही समजू नये. वयाच्या चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला त्यांचा सर्वांत बलवान खेळाडू वेस्ली सो 2014 पासून अमेरिकेकडून खेळतो आणि आता तो त्या देशाचा नागरिकही आहे. पोटासाठी देश सोडणे हे तिथल्या बुद्धिबळपटूंनाही चुकलेले नाही. परदेशातून येणाऱ्या माणसाला तिकडे ‘बालिकबायान’ म्हणतात. बालिक म्हणजे परतणे आणि बायान म्हणजे आपला गाव, आपला देश. असा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरात आहे, तिथे जाणारे किती असतील याची कल्पना यावी.

आता दुसरा प्रश्न. होय, आपल्याला नक्कीच स्पर्धेत उतरता येईल. खुल्या गटाच्या स्पर्धेला वयाची अट नसते, आणि जागतिक पातळीवर ज्येष्ठांच्या स्पर्धांत 50 वर्षांवरील आणि 65 वर्षांवरील असे वेगळे गट आहेत. म्हणजे त्या हिशेबाने आपण नुकतेच पात्र झालेले तरुण आहात. युजेनियो तोरे 2016 मध्ये बाकू येथील ऑलिंपियाडमध्ये खेळले तेव्हा 64 वर्षांचे होते आणि एकही डाव न हरता त्यांनी 11 डावांत 10 गुण मिळवले. जिल्हा संघटनेमार्फत अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची वार्षिक नोंदणी करून घ्या, म्हणजे रेटिंगच्या (खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या आकड्याच्या) स्पर्धांचा मार्ग मोकळा होईल. आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळण्यासाठी आधीच रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान 5 डाव खेळावे लागतात. ते सारे एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असे नाही. मार्च 2024 पासून आंतरराष्ट्रीय रेटिंग यादीची खालची मर्यादा 1400 करण्यात आली आहे, त्यामुळे सुरुवातीला रेटिंग मिळवणे पूर्वीपेक्षा थोडे कठीण झाले आहे, हेही सांगून ठेवतो. एस.टी.ने तासा-दीड तासावर सांगली आहे, जिला बुद्धिबळपटू आपली पंढरी मानतात. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांची चौकशी अवश्य करावी. त्या वर्गात आपल्याला जो प्रश्न विचारला गेला तो मला आवडला नाही, पण समोर बसणारा खेळाडू खरोखरच नऊ वर्षांचा असू शकतो आणि तो आपल्याला पंचवीस खेळ्यांत गुंडाळू शकतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

खोलीतल्या सवयी मात्र सोडाव्या लागतील. सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) करताना आधी राजालाच हात लावायचा. हत्तीला आधी शिवलात तर त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही, आणि देशी पद्धतीत किल्लेकोटच नसल्यामुळे आपल्यासारख्यांच्या हातून ही चूक हटकून होते. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबावे. राजाची घोडउडी तर आता केवळ हसण्यावारी जाणार नाही : नियमबाह्य खेळी पहिल्यांदा केली तर दीर्घ वेळेच्या डावात प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे जादा मिळतात, दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. आणि मोबाइल बाहेर ठेवा. खिशात वाजला तर जिंकत आलेला डावही हातचा जातो, मग फोन इलोइलोहून आलेला का असेना.

स्पर्धेच्या आधी सरावाला माणूस कुठून आणायचा, ही खरी अडचण आहे, आणि तिला माझ्याकडे एकच उत्तर आहे. वर्गात जाऊ नका. पट घेऊन बाहेर बसा. आपल्या पेठेतील एखादे सलून, रिक्षा थांबा किंवा तालमीचा कट्टा निवडा, रोज एकाच वेळी तेथे पट मांडा आणि एकटेच बसून एखादा डाव लावत राहा. पहिले चार दिवस लोक आपल्याकडे बघतील. पाचव्या दिवशी कोणीतरी ‘घोडा काढा की’ असे मागून म्हणेल, आणि ज्या गावात दोन पेठांच्या फुटबॉल सामन्याला सारे शहर लोटते, त्या गावात असा सल्ला देणारा माणूस फार वेळ उभा राहत नाही, तो समोर येऊन बसतो. मी स्वतः हा प्रयोग एका चहाच्या गाड्यावर केलेला आहे. जोडीदार आठव्या दिवशी मिळाला, तो देशी पद्धतीनेच खेळणारा निघाला आणि पहिल्या महिन्यात आमचे निम्मे डाव प्यादे पहिल्या खेळीत एक घर जाते की दोन या वादात बुडाले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फिलिपिन्सचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, त्यामुळे आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात, आणि दिवसभर दमलेल्या दोघांना एका वेळी बसणे जमेलच असे नाही. त्याऐवजी लिचेस किंवा चेस.कॉम या संकेतस्थळांवर एका खेळीला एक किंवा अधिक दिवस देणारा डाव सुरू करावा; पूर्वी पोस्टकार्डावर खेळत तसाच. लिचेसला पैसे लागत नाहीत. एक अट मात्र दोघांनी आपसांत घालून घ्या, ती म्हणजे संगणकाला खेळी विचारायची नाही. खोक्यावरचा डाव जसा दोघांच्या डोक्यांतला होता, तसाच हाही राहू द्या.

याच पाकिटात एक चिठ्ठी वेगळ्या अक्षरात होती : ‘काका म्हणतात की त्या तोरेने चालू जगज्जेत्याला हरवले होते. हे खरे की काकांचे नेहमीचे?’ — पुतण्या.

उत्तर : खरे. 1976 मध्ये मनिला येथे चार खेळाडूंची स्पर्धा झाली. तोरे, जगज्जेता अनातोली कार्पोव, युगोस्लाव्हियाचा ल्युबोयेविच आणि अमेरिकेचा ब्राउन असे चौघे होते. तोरे यांनी काळ्या सोंगट्यांनी, सिसिलियन बचाव या नावाची सुरुवात खेळून कार्पोवला हरवले आणि स्पर्धाही जिंकली. डावाच्या खेळ्या इंटरनेटवर कोठेही मिळतील. त्या छापून घेऊन काकांबरोबर पटावर एकेक करून लावून पाहा, आणि काळ्या बाजूला काकांना बसू दे.