कामाची शिस्त आणि डोक्याला मोकळीक, दोन्ही कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की सगळ्याची पद्धत ठरवून दिली तर माणसं यंत्रं होतात आणि मोकळं सोडलं तर काम वेळेत होत नाही, मग नियम कुठवर लावायचे?

मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होतो. पानाला आठ कॉलम, त्यातली निम्मी जागा जाहिरातींनी आधीच अडवलेली, आणि डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली. ती चुकली की गाडी चुकते, आणि लांबच्या तालुक्यात आपला पेपर पोचेपर्यंत लोकांनी दुसरा घेतलेला असतो. इथे कुणाच्या प्रतिभेला विचारायचं नसतं. शुद्धलेखनाचंही तेच. 'कवि' की 'कवी' हे साहित्य महामंडळाच्या नियमांनी 1962 सालीच मिटवलंय. रात्री दहाला डेस्कवर ते पुन्हा उकरायचं नाही. असले वाद जेवढे कमी, तेवढं डोकं मथळ्याला मोकळं.

मथळा मात्र ज्याचा त्याचा. आमचे वृत्तसंपादक "दोन कॉलम, एक ओळ" एवढंच सांगायचे. 'पाणीपुरवठा विस्कळीत' बसेना म्हणून एकाने 'नळ कोरडे' केलं. ऐसपैस जागा असती तर त्याला ते सुचलं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

पुढे नवे साहेब आले. प्रत्येक मथळ्याचे तीन पर्याय शीटमध्ये भरायचे, ते एक निवडणार. पंधरा दिवसांत आम्ही शहाणे झालो. त्यांना काय आवडतं ते कळलं होतं, उरलेले दोन नुसते भरतीचे. पान वेळेत जायचं, चुका नसायच्या, आणि सकाळी स्वतःचाच पेपर उघडावासा वाटायचा नाही.

मी रविवार पुरवणीत बदली मागून घेतली, तर तिथे उलटं दुखणं! लेख शेवटच्या रात्री यायचा, चित्रकाराला जेमतेम तासभर मिळायचा आणि चित्र बघून लेखक रुसायचा. मी एकच नियम केला: लेख येईल तेव्हा येवो, पण तो कशावर आहे याच्या चार ओळी बुधवारी चित्रकाराकडे पोचल्या पाहिजेत. रुसवेफुगवे बरेच कमी झाले.

तुमच्याकडेही एकाचं काम दुसऱ्याच्या हातात पडतं ती जागा आधी शोधा. कधी द्यायचं, कुठल्या स्वरूपात, कुणाकडे, हे तिथे घट्ट ठरवा. तिथपर्यंत तो माणूस ते कसं करतो यात डोकावू नका.

चुका होतील. मृतांचा आकडा किंवा कुणाची बदनामी होईल असा मजकूर आमच्याकडे दुसऱ्याने वाचल्याशिवाय जात नसे, आणि त्यात मोकळीक नव्हतीच. बाकीच्या चुका दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत निघायच्या, कालचा अंक लाल पेनाने रंगवून. 'कुत्रा चावल्याने नगरसेवक पिसाळले' हा माझा मथळा तिथे मोठ्याने वाचला गेला. खुलासा छापावा लागला, पण त्या रात्रीचे मथळेसुद्धा मीच दिले.