गोष्टीतला नोकर लिहिताना

तुझी गोष्ट वाचली. गंगापूर रोडच्या बंगल्यातला तो हातमोजे घातलेला बटलर आधी काढून टाक बरं. नाशकात असा माणूस कुणी पाहिलाय? शिवाय तो मालकाचे कपडे काढून ठेवतो, दाढीचं पाणी आणतो. ते काम व्हॅलेचं. इंग्रजी घरात बटलर म्हणजे नोकरांमधला मुख्य. चांदीची भांडी, वाइनचं तळघर त्याच्या ताब्यात. व्हॅले एकाच साहेबाचा खासगी माणूस. इंग्रजी विनोदी लेखक वुडहाउसच्या गोष्टींतला नोकर जीव्हजही व्हॅलेच, लोक उगाच त्याला बटलर म्हणतात.

ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची (१८७३) सुरुवात बघ. कादंबरीचा नायक फॉग आधीच्या नोकराला काढतो, का तर दाढीचं पाणी ८६ ऐवजी ८४ अंश फॅरनहाइट आणलं म्हणून! दोन अंशांत अख्खा मालक कळला. तू मात्र 'साहेब फार शिस्तीचे होते' लिहून मोकळा झालास.

तुझ्या गोष्टीला ड्रायव्हर चालेल. मागच्या सीटवरचं फोनवरचं सगळं बोलणं त्याच्या कानावर पडतं, पण मान वळवायची सोय नाही. फक्त त्याला साहेबांचा कान करून ठेवू नकोस, त्याचंही काही अडलेलं असू दे. समज, सिन्नरला मुलीचं लग्न आहे, उचल हवीय. कॉलेज रोडच्या सिग्नलला तो धीर करून 'साहेब' म्हणतो आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजतो.

'जी मालक' वगैरे संवाद सरसकट उडव. एवढा एकच प्रसंग लिहून रविवारी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, घेऊन ये.