खिशातल्या वस्तूंची जादू: सुरुवात अशी कर

अरे, पहिल्याच महिन्यात दहा प्रयोग नकोत. तीनच घे, पण एका गोष्टीत ओव. एसटीच्या सुट्या पैशांची गोष्ट घे: दहाचं नाणं मुठीतून गायब, मग रुमालात सापडतं, शेवटी काडेपेटीतून निघतं. नाणं एकच, म्हणून बघणाऱ्याचा धागा तुटत नाही.

लपवताना नाणं बोटांच्या मुळाशी धर, तळव्यात नको. आपल्याकडच्या दमट हवेत तळवा घामेजतो. आरतीनंतर माणसांनी भरलेल्या ओटीवर माझं नाणं खणकन पडलं होतं.

नवख्यांच्या चुका:
- नाणं आहे असं भासवतोस त्या रिकाम्या मुठीकडे स्वतःच न बघणं. तू बघशील तिथेच लोक बघतात.
- काय होणार ते आधीच सांगणं.
- ‘पुन्हा कर’ म्हटलं की लगेच करणं.

पत्ते, चुंबक सध्या बाजूला ठेव. गणपतीत माणसं जमेपर्यंत रोज आरशासमोर एवढंच घोट.