अमेरिकेत चक्रीवादळानंतर पिवळ्या टोप्या घातलेले बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) स्वयंसेवक दिसतात. ते नेमकं काय करतात?

मुख्य काम स्वयंपाकाचं. १९६७ मध्ये टेक्सासला ब्यूला चक्रीवादळाचा तडाखा बसला, तेव्हा तिथल्या बाप्टिस्ट मंडळींनी पत्र्याच्या डब्यांच्या छोट्या चुलींवर गरम जेवण रांधलं. सदर्न बाप्टिस्ट, म्हणजे अमेरिकेतल्या बाप्टिस्टांच्या एका मोठ्या संघटनेच्या, मदतकार्याची सुरुवात तीच. आता ट्रेलरवरची अख्खी स्वयंपाकघरं येतात, दिवसाला हजारो ताटांचं जेवण शिजतं. बऱ्याचदा शिधा रेडक्रॉसचा, रांधणारे हात बाप्टिस्टांचे, आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यांतून वाटप पुन्हा रेडक्रॉसच्या गाड्यांतून. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

दुसरं काम चिखल उपसण्याचं, आणि खरी कसोटी इथे. फावड्याने गाळ काढायचा, भिजलेले गालिचे बाहेर ओढायचे, भिंतीचे फुगलेले जिप्समचे पत्रे कापून काढायचे, मग बुरशीनाशक फवारायचं. शिवाय पडलेली झाडं करवतीने कापणं, उडालेल्या छपरांवर ताडपत्री ठोकणं. घरमालकाकडून पैसे घेत नाहीत.

यात निवृत्त आजी-आजोबा बरेच असतात! पण उठलं आणि निघालं असं चालत नाही. आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रार्थना असतेच, धर्मप्रसाराचा हेतूही ते लपवत नाहीत. मदत मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला मिळते.